हेज टाउनच्या घरात राहायला येण्याआधी

बॅटन रूज, लुईझियाना

ती. आई-बाबांना,
सा. न.

आमच्या या घराबद्दल बाबांनी फोनवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती. एप्रिलअखेर येऊन पाच-सहा महिने तुम्ही याच घरात राहणार आहात, तेव्हा सगळं सविस्तरच लिहिते.

घर सत्तरच्या दशकातलं आहे, पण बघणाऱ्याला शे-दीडशे वर्षांपूर्वीचं वाटतं. ते मुद्दाम तसं बांधलंय. आराखडा ए. हेज टाउन यांचा; या भागातल्या वास्तुरचनाकारांमधलं हे फार मोठं नाव. जन्म 1903चा, इथल्याच क्राउली गावचा; 2005मध्ये गेले तेव्हा शंभरी ओलांडलेली होती. तिशीत मिसिसिपीमध्ये सरकारी पाहणीसाठी त्यांनी जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे केले आणि दक्षिणेकडची जुनी घरं त्यांच्या हातात बसली. आधी शाळा, दुकानं, कचेऱ्या बांधल्या. साठच्या दशकापासून मात्र मुख्यतः घरंच. बाबा, तुम्ही पीडब्ल्यूडीत पाडकामाचं सामान लिलावात जाताना पाहिलंय. टाउन नेमकं तेच सामान घ्यायचे: पाडलेल्या इमारतींच्या विटा, जुन्या गोदामांच्या पाइनच्या तुळया, सायप्रसच्या फळ्या, जुनी दारं. नव्या घराचा सांगाडा नवा, अंगावरचं सगळं जुनं. या घराचे गुण आणि दुखणी दोन्ही त्यातूनच येतात.

भिंतीबद्दल तुमचा प्रश्न होता की एवढ्या पावसात विनागिलाव्याची वीट टिकते कशी. इथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आपल्यासारखा चार महिने नाही, बाराही महिने. बाहेर दिसते ती वीट भार घेत नाही. आत लाकडी सांगाडा, मग साधारण इंचभर पोकळी, मग विटेचा एकच थर. वीट पाणी पिते, जास्तीचं पाणी पोकळीतून खाली उतरतं आणि तळाच्या थरात ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. म्हणून आई, तुला एक विनंती: भिंतीलगत कुंड्या, माती, पालापाचोळा काहीही टेकवायचं नाही. भोकं बुजली की पाणी आत साचतं, सांगाडा ओला राहतो आणि वाळवीला आयती वाट मिळते. बागेसाठी अंगणात भरपूर जागा आहे, फक्त भिंतीपासून फूटभर लांब.

ही जुनी वीट नदीच्या गाळाची, कमी आचेवर भाजलेली, मऊ. नखाने ओरखडा काढला तर बोटाला लाल पूड लागते. तिच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधल्या फटी, भरायला कडक सिमेंट वापरलं की वीट मरते. ओल नेहमी मऊ वाटेने बाहेर पडते. दर्जा चुन्याच्या असतील तर दर्जांतून, त्या विटेपेक्षा कडक असतील तर विटेतून. मग क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली साठून तिचा दर्शनी पापुद्रा उडवतात. गॅरेजच्या कोपऱ्यात तुम्हाला हे बघायला मिळेल: आधीच्या मालकाच्या वेळी झालेली सिमेंटची भरणी शाबूत उभी आहे आणि मधल्या विटा वाटीसारख्या खोल गेल्या आहेत. तो भाग आम्ही या वर्षी करून घेणार आहोत. प्रमाण आहे एक भाग सिमेंट, दोन भाग चुना, नऊ भाग वाळू. जुनी दर्ज हातछिन्नीने इंचभर खोल काढायची. ग्राइंडर लावला तर विटेच्या कडा जातात. वीट आदल्या दिवशी भिजवायची आणि भरल्यावर तीन दिवस ओलं गोणपाट. बाबा, तुम्ही असतानाच काम ठेवलंय. गवंडी चांगला आहे, पण मालाचं प्रमाण तुमच्या डोळ्यांखाली होऊ दे. भिंतीवर जोराच्या पाण्याचा फवारा मारून धुण्याची इथे फार हौस आहे. शेजारून कोणी मशीन देऊ केलं तर नको म्हणा. हिरवट शेवाळ मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने निघतं.

आतली जमीनही विटेचीच आहे: स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि मागचा व्हरांडा. टाउन विटेच्या जमिनीला मधमाशांच्या मेणाचा हात द्यायचे, ही त्यांची खूण. रंग गूळ-तपकिरी, पायाला गार, आणि चकाकी अगदी मंद. आई, रोज ओल्या फडक्याने पुसायची तुझी सवय इथे थोडी आवरावी लागेल. रोज कोरडा झाडू, आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेलं फडकं, पाण्यात थेंबभर सौम्य साबण. व्हिनेगर, लिंबू, फिनेल अजिबात नाही. आम्ल दर्जांतला चुना खातं. तेल सांडलं तर पुसत बसू नकोस, वर टाल्कम पावडरचा जाड थर टाकून रात्रभर ठेव आणि सकाळी झाडून घे. हळदीचा डाग घासला की पसरतो. तो टिपून घ्यायचा. उरलेला खिडकीच्या उन्हाने काही दिवसांत फिका होतो. मेण वर्षातून एकदा, पातळ, आणि लगेच घासून. जाड मेणावर पाय घसरतो आणि धूळही चिकटते. घरभर आम्ही रबरी तळाच्या सपाता ठेवल्या आहेत, त्याच घाला. विटांच्या कडा सारख्या नाहीत आणि मोजे घालून चालताना ठेच लागते. रात्री स्वयंपाकघरात जाताना दिवा लावूनच.

लोक मेणाला कंटाळून विटेवर प्लास्टिकसारखा चकचकीत लेप देतात, त्याचे हाल मी दोन घरांत पाहिलेत. खालच्या काँक्रीटमधून ओल वर येते, लेपाखाली अडकते आणि पांढरे चट्टे उठतात. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तसाच प्रकार. मग लेप खरवडताना विटेची कातडीही निघते.

छत जवळपास तेरा फूट उंच आहे. उन्हाळ्यात त्याचा उपयोग होतो, गरम हवा वर राहते. पण इथला खरा शत्रू उकाडा नाही, दमट हवा. एसी चोवीस-पंचवीसवर ठेवायचा आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. खोली लवकर गार व्हावी म्हणून एकदम अठरावर नेलं तर जाळीवर आणि खिडकीच्या तावदानांवर पाणी धरतं, ते लाकडात उतरतं. उघड्या दारात गार झुळूक छान वाटते हे कबूल, पण जून ते सप्टेंबर फ्रेंच दारं (काचेची दुपाखी दारं) बंदच. फोडणीच्या वेळी फक्त धूर ओढणारा पंखा लाव.

खिडक्या मला या घरात सगळ्यात जास्त आवडतात, आणि सगळ्यात जास्त काम त्याच काढतात. लाकडी चौकट, लहान लहान एकेरी काचा, प्रत्येक काच लांबीने (पुटीने) बसवलेली. लांबी तडकली की पाऊस काचेच्या खाली चौकटीच्या खोबणीत शिरतो, आणि खालची आडवी पट्टी आधी सडते. दुरुस्ती अशी: सुटलेली लांबी सुरीने काढा, खोबणीला जवसाच्या तेलाचा हात द्या, नाही तर कोरडं लाकूड नव्या लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती वर्षभरात तडकते. मग लांबी लावून काच बसवा, तिकोनी पत्रे ठोका, वरून लांबीचा उतार द्या. आठ-पंधरा दिवस वर साय धरेपर्यंत थांबा, मगच रंग. रंगाची कडा काचेवर मिलिमीटरभर चढलीच पाहिजे. पाणी अडवते ती हीच रेघ. काचेवर चिकटपट्टी लावून लांबीवरच रंग थांबवणारे रंगारी काम स्वच्छ करतात आणि खिडकी घालवतात.

जुन्या दारांचा रंग खरवडायला कोणी घेऊ नका. घर सत्तरच्या दशकातलं असलं तरी दारं त्याहून कितीतरी जुनी आहेत आणि खालच्या थरांमध्ये शिसं असतं. 1978मध्ये घरगुती रंगात शिसं वापरायला इथे बंदी आली. चिमण्या बाळाचं रांगणं चालू आहे, म्हणून पोपडा दिसला तर ओल्या फडक्याने टिपा, कोरडा झाडू त्यावर फिरवू नका, आणि मला सांगा.

छपराकडे बघून बाबांना वर चढावंसं वाटणार, हे मला माहीत आहे. कृपा करून नको. पाटीच्या दगडाचं छप्पर शंभर वर्षं टिकतं, पण पायाखाली एका सेकंदात तुटतं. दगड बहुधा आधी जात नाही; आधी खिळे आणि सांध्याचे पत्रे जातात. म्हणून तांब्याचे खिळे आहेत. जोरदार वाऱ्यानंतर खाली अंगणात तुकडा सापडला तर तो जपून ठेवा, कोणत्या बाजूला पडला ते लिहून ठेवा; कारागिराला जागा शोधायला सोपं जातं. खिडक्यांबाहेरच्या झिलमिलीच्या दारांना बिजागरी आणि अडसर खरे आहेत, ती मिटतात, उन्हाला उपयोगी पडतात. पण वादळाचं संकट आलं तर ती पुरत नाहीत, प्लायवुड लागतं. कापून, नंबर घालून गॅरेजमध्ये ठेवलंय; वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, म्हणजे तुमचा बहुतेक मुक्काम त्यातच.

आणि वाळवी. इथली फॉर्मोसन जात दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून आली आणि दक्षिण लुईझियानात ठाण मांडून बसली. मे महिन्यात, हवा दमट आणि वारा पडलेला असला की अंधार पडताच पंख असलेले कीडे थव्याने दिव्याकडे येतात. जुन्या सायप्रसचा गाभा वाळवीला सहसा आवडत नाही. पण सगळीच तुळई गाभ्याची नसते, आणि आतला सांगाडा तर साध्या पाइनचाच आहे. त्या संध्याकाळी व्हरांड्याचे आणि अंगणातले दिवे बंद ठेवायचे, पडदे ओढायचे, तासा-दीड तासात संपतं. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर गळलेले पंख दिसले तर झाडू नका. मूठभर डबीत घालून ठेवा, तपासणीवाल्याला दाखवायचे आहेत. भिंतीवर मातीची बोटभर जाडीची नळी दिसली तर त्याच दिवशी मला फोन, मी ऑफिसात असले तरी.

बाबा, येताना तुमची करणी आणि लहान ओळंबा आणा, पण चेक-इनच्या बॅगेत. आईचा गुडघा पाहता पुढच्या दोन पायऱ्यांना कठडा बसवून घेतलाय. तिकिटं झाली की कळवा.

तुमची लेक