संरक्षण नेमके कोणाचे?

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि ‘संरक्षणवाद’ हा शब्द घरोघर पोहोचला. परदेशी माल महाग करून आपल्या उत्पादकाला आडोसा द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण एकाच्या आडोशाची झळ दुसऱ्याला बसते, हे आम्ही कापूसवाले त्याच महिन्यात अनुभवले.

परदेशी कापसावर आपल्याकडे ११ टक्के शुल्क होते. अमेरिकी शुल्काची झळ बसलेल्या कापड निर्यातदारांना दिलासा म्हणून, गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी यासाठी सरकारने ते १९ ऑगस्टपासून माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. नेमका आमचा वेचणीचा हंगाम!

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. व्यापारी गाडीत हात घालतो, मूठभर कापूस दाबून पाहतो, ‘ओल आहे’ म्हणतो आणि भाव पाडतो. त्यात ‘बाहेरचा माल येतोय’ हे नवे कारण त्याला मिळाले. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याशी आमचे वैर नाही. त्याचे माग थांबले तर आमचा कापूस जाणार कुठे? पण निर्यातदारांना दिलासा द्यायचाच होता, तर तो सरकारी तिजोरीतून द्यायला हवा होता, आमच्या भावातून नव्हे.

जूनमध्ये उधारीवर बियाणे-खत आणून आम्ही पेरले, तेव्हा हे शुल्क लागू होते. ते काढायचे असेल तर निदान पेरणीआधी सांगा.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ