सेक्शनची रेघ कुठून न्यायची

कोल्हापूर

चि. अनघास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज फारच उतरलेला वाटला. रात्र रात्र जागून केलेल्या वाचनालयाच्या ड्रॉइंगच्या सहा शीटांपुढे परीक्षकांची ज्युरी जेमतेम पाच मिनिटे उभी राहिली आणि ‘चित्रे छान आहेत, पण इमारत कळत नाही’ एवढेच म्हणाली, हे तुला लागणे स्वाभाविक आहे. तू पाठवलेले फोटो मी दोनदा पाहिले आणि, राग मानू नकोस, मला त्यांचे म्हणणे पटले. मी आर्किटेक्ट नाही, आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समन होऊन जन्मभर दुसऱ्यांच्या कल्पना ट्रेसिंगवर उतरवणारा माणूस आहे. पण कुठले ड्रॉइंग बोलते आणि कुठले नुसते दिसते, एवढे मला कळते.

तुझ्या वाचनालयाची संध्याकाळच्या उजेडातली दोन रेंडर्स, म्हणजे संगणकावर केलेली हुबेहूब चित्रे, निम्मी जागा अडवून बसली आहेत आणि सेक्शन, म्हणजे एका रेघेवर इमारत उभी कापली तर आत जे दिसेल ते ड्रॉइंग, मात्र शेवटच्या शीटच्या कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढा. शिवाय तो तू कापलास कुठून, तर जिथे एकसारख्या दोन खोल्या आहेत तिथून. जिना, दुमजली उंचीचे वाचनदालन, वरून उजेड घेणारी खिडकी, म्हणजे ज्यासाठी तू सेमिस्टरभर झटलीस ते सगळे त्या रेघेच्या बाहेर राहिले. ही चूक मी लगेच ओळखली, कारण ती मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बंगल्याचा सेक्शन मी जिन्यातून न नेता शेजारच्या बेडरूममधून नेला; पायऱ्या काढण्याचा कंटाळा, दुसरे काही नाही. जिन्यावर आडवा येणारा बीम त्यामुळे कागदावर कुणाच्याच नजरेस पडला नाही. काँक्रीटखालचे आधाराचे सेंट्रिंग काढल्यावर गवंडी वर चढू लागला आणि सहाव्या पायरीवर त्याचे डोके बीमला आपटले. तो हसला, मला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा इमारत तू पाहिली आहेस. ती 1983 साली पूर्ण झाली आणि तिच्यात 32 घरे आहेत. मुंबईत वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून घरांच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवून त्यांनी घरे एकमेकांत अडकवली. नुसता प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा मजल्याचा नकाशा, पाहिला तर हे नीट उमगत नाही, सेक्शन पाहिला की क्षणात कळते. तुझ्याही इमारतीचे मर्म उंचीत आहे. तेव्हा पुढच्या वेळी सेक्शन आधी काढ, चांगला हातभर लांब, आणि बाकीची शीटे त्याच्याभोवती लाव.

आता रेघांविषयी. आमच्याकडे ठरावीक जाडीची रेघ मारणारे रोटरिंगचे शाईचे पेन असत: कापलेल्या भिंतीला 0.5 मिलिमीटरचा, पलीकडे दिसणाऱ्या कडांना 0.25, फरशीच्या सांध्यांना 0.1. चुकले तर अर्ध्या ब्लेडने शाई हलक्या हाताने खरवडायची आणि ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर पुढची शाई तिथे पसरे. या कटकटीमुळे जाड रेघ मारण्याआधी ती जाड का, याचा विचार आपोआप होई. तुझ्या पडद्यावर झूम केले की सगळेच स्पष्ट दिसते. छापल्यावर मात्र तुझी भिंत आणि फरशी एकाच वजनाची झाली आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री मोठी ड्रॉइंग छापणाऱ्या प्लॉटिंगच्या दुकानात रांग लावण्याऐवजी चार दिवस आधी एक तुकडा खऱ्या स्केलला छापून भिंतीवर टाच आणि सहा फुटांवरून बघ.

शीटांची मांडणी आधी वहीच्या एका पानावर, काडेपेटीएवढ्या चौकोनांत करून पाहा. प्लॅन सगळे एकाच दिशेने ठेव. तळमजल्याचा उत्तरेकडे आणि पहिल्या मजल्याचा आडवा, हे वाचणाऱ्याला मान वाकडी करायला लावणे आहे. 1:100 च्या, म्हणजे एका मीटरला एक सेंटिमीटर अशा, सेक्शनमध्ये पावणेदोन सेंटिमीटरची माणसे घाल, आणि ती पुस्तक वाचणारी असोत, परदेशी कोट घातलेली तयार चित्रे नकोत.

रेंडरला माझा विरोध आहे असे समजू नकोस. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आपल्या ‘संगत’ या अहमदाबादच्या कार्यालयाचे चित्र जुन्या लघुचित्रांच्या धर्तीवर काढले होते. त्यात वरून दिसणारी जमीन, समोरून दिसणाऱ्या कमानी आणि झाडे एकाच कागदावर नांदतात. कॅमेऱ्याला जे जमणार नाही ते ते चित्र सांगते. तुझे रेंडर मात्र कुठल्याही वाचनालयाचे असू शकले असते.

माझ्या पेटीतले तीन पेन उद्याच्या एस.टी.ने येणाऱ्या काकांबरोबर पाठवतो. 0.1 चा सुकलेला आहे. रात्रभर कोमट पाण्यात ठेव, जोराने झटकू नकोस, आतली तार वाकते. नवा सेक्शन पेन्सिलने का होईना, काढलास की फोटो पाठव. आणि या खेपेला रेघ जिन्यातूनच ने.

तुझे,
बाबा