साहेब, रात्री किती सिस्टर असतात ते विचारा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा.न.वि.वि.

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत अधिपरिचारिका आहे. नाईट संपवून घरी आल्यावर हे लिहिते आहे, तेव्हा भाषेत कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

मण्यार चावलेला पेशंट तुम्ही जवळून पाहिलाय का, माहीत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. सापाची लस दिली तरी लुळे पडलेले स्नायू लगेच उठत नाहीत. काही दिवस व्हेंटिलेटरवर काढले की माणूस बहुधा चालत घरी जातो. पण त्या दिवसांत तो शुद्धीवर असू शकतो. डोळा उघडत नाही, बोट हलत नाही, कानावर मात्र सगळं पडत असतं.

गेल्या पावसाळ्यात असाच एक पोरगा आमच्याकडे होता. श्वासनळीतली ट्यूब काढल्यावर आवाज फुटला तेव्हा त्याने मला विचारलं, "सिस्टर, त्या रात्री माझं मशीन वाजत होतं, तुम्ही का येत नव्हता?"

मी चार नंबरच्या खाटेवर सक्शन करत होते, म्हणजे नळीतला कफ ओढून काढत होते. दुसरी सिस्टर नवीन पेशंट घेत होती. व्हेंटिलेटर सहा आणि आम्ही दोघी. मी पोचले तेव्हा त्याच्या नळीत कफ अडकला होता. तो निघाला, ऑक्सिजन वर आला, शीटवर नोंद झाली. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

मशीन फक्त ओरडतं, साहेब. प्रेशर वाढलं म्हणून वाजलं तर कफ आहे, की ट्यूब दुमडलीय, की पेशंटने ती दातात धरलीय? प्रेशर पडलं म्हणून वाजलं तर पाइप कुठे सुटला? हे जाऊन बघावं लागतं. बिघाड लगेच सापडला नाही तर पेशंट मशीनवरून काढून अंबू बॅगने हाताने श्वास द्यावा लागतो. अलार्म वाजत नसतानाही काम असतंच. डोक्याकडची बाजू निदान तीस अंश वर, श्वासनळीत ट्यूबभोवती असलेल्या फुग्याचा दाब पाण्याच्या मापात २० ते ३० सेंटिमीटर, तोंडाची सफाई, दर दोन तासांनी कूस. मण्यारीच्या पेशंटला तर पापणी लवत नाही म्हणून डोळ्यात मलम घालून पापण्या पट्टीने मिटून ठेवायच्या. यातलं एखादं राहिलं तर त्या रात्री काहीच बिघडत नाही. तीन-चार दिवसांनी ताप चढतो, कफाचा रंग बदलतो, एक्स-रेत न्यूमोनिया दिसतो. केस पेपरवर जंतूचं नाव येतं. रात्री माणूस कमी होतं, असं कुणी लिहीत नाही.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली तेव्हा पुरेशी यंत्रं नव्हती. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे हाताने पिशवी दाबत बसले आणि मृत्यू कमी झाले. आयसीयू नावाची गोष्ट तिथून सुरू झाली, असं आम्हाला शिकवलं जातं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएस (नसांवर घाला घालून स्नायू लुळे पाडणारा आजार) पसरला तेव्हा त्यातल्याही काहींना व्हेंटिलेटर लागला. अशा पेशंटला कधी आठवडेच्या आठवडे मशीनवर ठेवावं लागतं.

आता हिशेब. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे प्रत्येक पाळीला एक परिचारिका, हा निकष कागदावर आहेच. एका खाटेच्या आठवड्याला २१ पाळ्या, एक सिस्टर करते सहा. म्हणजे साडेतीन माणसं, आणि रजा, आजारपण, बाळंतपण धरलं तर चार ते पाच. दहा व्हेंटिलेटर दिले की चाळीस-पन्नास परिचारिका द्यायला हव्यात. मशीनच्या मंजुरीपत्रातच ही पदं लिहून येऊ द्या. ती भरेपर्यंत फीत कापू नका.

शिवाय व्हेंटिलेटर अंगवळणी पडायला निदान सहा महिने जातात. शिकलेल्या सिस्टरला तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डात टाकतात, कंत्राटी असेल तर तिची मुदत संपते. तिच्या जागी येणारी मुलगी हुशार असते, पण पहिल्या नाईटला अलार्म वाजला की ती आधी आमच्याकडे बघते, पेशंटकडे नाही. मीही तशीच होते. आयसीयूत शिकलेलं माणूस बदली देणारं कुणी आल्याशिवाय हलवू नये, एवढा आदेश तुम्हाला एका सहीत काढता येईल. रात्री कॅज्युअल्टीत गर्दी झाली म्हणून आमच्यातली एक उचलून नेतात, तेही त्याच आदेशात बंद करा.

पुढच्या दौऱ्यात कुठल्याही आयसीयूत गेलात तर मशीनं किती, हे विचारू नका. परिसेविकेच्या, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या मुख्य सिस्टरच्या, टेबलावर काचेखाली ड्यूटी लिस्ट असते. त्यातला रात्रीचा रकाना बघा.

नाव लिहीत नाही, कारण माझी बदलीही इतक्यात व्हायला नको आहे.

आपली विश्वासू,
एक अधिपरिचारिका