अर्धवट नोंदीत थीम बदलून दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

गेल्या कार्तिकातली ती दुपार माझ्या मनातून गेलेली नाही. त्या दिवशी तुम्हाला नीट धन्यवादही म्हणता आले नाहीत, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण ॲप बनवणाऱ्या आणखी कुणाच्या तरी ते कामी यावं.

दूध संकलनाच्या नोंदी माझ्या ॲपवर ठेवणाऱ्या कोल्हापूरकडच्या त्या दूध संस्थेतून फोन आला तेव्हा मी हादरलो होतो. दहा दिवसांचं बिल निघालं आणि एका आजींच्या म्हशीचं दोन सकाळचं दूध त्यांच्या खात्यावर नव्हतंच. ते जमा झालं होतं सभासद क्रमांक १ च्या नावावर, आणि क्रमांक १ म्हणजे चेअरमनचं घर. गावात याचा काय अर्थ निघाला असेल ते सांगायला नको. संकलनाला बसणारा मुलगा विशीतला. त्याच्याकडे बोटं दाखवली जात होती आणि चूक मात्र माझ्या ॲपच्या कोडमध्ये होती. ती कुठे, तेच मला सापडत नव्हतं.

मी दोन्ही थीम, म्हणजे फोनची उजळ (लाइट) आणि काळी (डार्क) रंगसंगती, तपासल्या होत्या. फोन लाइटवर ठेवून पन्नास नोंदी, डार्कवर ठेवून पन्नास नोंदी, सगळ्या बरोबर. तुम्ही माझी खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि कोड न बघताच विचारलंत, "चुकलेल्या नोंदी किती वाजताच्या आहेत?" सगळ्या सकाळच्या, पावणेसात ते सात. संध्याकाळची एकही नाही. मग तुम्ही विचारलंत, त्या मुलाच्या फोनवर डार्क थीम कशी लावली आहे? फोन लावून विचारलं. सूर्यास्त ते सूर्योदय, आपोआप.

तिथेच गाठ सुटायला लागली. त्या दिवसांत सूर्य साडेसहानंतर उगवत होता, म्हणजे भर संकलनात. संध्याकाळी तो सहाच्या सुमारास मावळायचा आणि दुधाचा काटा साडेसहाला सुरू व्हायचा, त्यामुळे थीम आधीच बदललेली असायची. शिवाय असा वेळेवर ठरवलेला बदल अँड्रॉइड सहसा चालू स्क्रीनवर करत नाही, स्क्रीन बंद व्हायची वाट बघतो. मुलगा सभासदाचा कोड आणि लिटर टाकायचा, फॅट निघेपर्यंत फोन खिशात ठेवायचा. परत काढायचा तेव्हा स्क्रीन उजळ झालेली असायची आणि आतून सगळी ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपचा तो पडदा, नव्याने उभी राहिलेली असायची.

मला वाटत होतं, थीम बदलते म्हणजे रंग बदलतात. तुम्ही केबल लावलीत, ऑनक्रिएटवर (पडदा नव्याने बनताना चालणाऱ्या कोडवर) ब्रेकपॉइंट, म्हणजे ॲप थांबवणारी खूण, ठेवायला सांगितलात, आजींचा सभासद कोड २१४ टाकायला लावलात आणि नोंद अर्धी असतानाच दुसऱ्या खिडकीत कमांड दिलीत: एडीबी शेल सीएमडी यूआयमोड नाइट येस, म्हणजे फोनला 'डार्क थीम लाव'. ब्रेकपॉइंट पुन्हा लागला. कोडच्या चौकटीत २१४ तसेच होते, कारण चौकटीतला मजकूर अँड्रॉइड स्वतः परत भरतो. पण २१४ वरून शोधलेला सभासद मी साध्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे पडद्याबरोबर पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या जागेत, ठेवला होता. तो पुसला जाऊन त्या जागी सुरुवातीची किंमत आली होती, यादीतला पहिला सभासद. डोळ्यांना आजींचा कोड दिसत होता, आणि जतन होत होता चेअरमनचा.

फोन आडवा केल्यावरही हेच घडलं असतं. पण ॲप मी उभंच लॉक करून ठेवलं होतं, त्यामुळे चूक त्या वाटेने सापडण्याची शक्यताही नव्हती.

तेव्हा मी घाईत म्हणालो होतो की मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) कॉन्फिगचेंजेसखाली यूआयमोड लिहून टाकतो, मग ॲक्टिव्हिटी नव्याने बनणारच नाही. तुम्ही तो मार्ग घेऊ दिला नाहीत, याबद्दल मी विशेष ऋणी आहे. तसं केलं असतं तर रंग बदलायची जबाबदारी आपल्यावर आली असती, आणि मेमरी कमी पडून सिस्टीमने ॲप मारलं की तीच नोंद पुन्हा चुकली असती. पडद्याची माहिती धरून ठेवणारा नुसता व्ह्यूमॉडेलही त्यातून वाचत नाही. शेवटी सभासदाचा कोड सेव्हडस्टेटहँडलमध्ये, म्हणजे सिस्टीमने ॲप मारलं तरी टिकणाऱ्या जागेत, ठेवला, सभासद दर वेळी कोडवरूनच शोधायचा असं केलं, आणि सुरुवातीची किंमत रिकामी ठेवली. सभासद सापडला नाही तर जतन होणारच नाही. सभासदाचं नावही मोठ्या अक्षरात स्क्रीनवर आणलं. जागा वाचवायला ते मी काढून टाकलं होतं. ते असतं तर त्या मुलाच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं.

त्या दुपारपासून माझी कामाची पद्धत बदलली. पूर्वी सुरुवातीला थीम निवडायची आणि मग ॲप चालवायचं. आता प्रत्येक पडद्यावर निम्मं काम झालं की नाइट येस, थोडं पुढे गेलं की नाइट नो. याच फिरवाफिरवीत बेरजेचा आकडा डार्कमध्ये काळ्यावर काळा पडतोय हेही दिसलं. रंग थेट काळा लिहिलेला होता, थीममधून घेतलेला नव्हता. आता मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात उजळपणाचा निदान ४.५ ला १ इतका फरक आहे ना, हे दोन्ही थीमवर मोजतो.

आणि एक. नोंदी दुरुस्त झाल्यावर, चूक ॲपची होती, त्या मुलाची नाही, असं संस्थेला लेखी कळवायला तुम्हीच सांगितलंत. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. सचिवांनी ते पत्र संकलन केंद्राच्या भिंतीवर लावलं. त्यानंतर त्या मुलाचा फोन आला. फार बोलला नाही, पण त्याचा आवाज मोकळा झाला होता. तो फोन खरं तर तुम्हाला यायला हवा होता.

पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती घेऊन मी तिथे जाणार आहे, सूर्योदयाच्या वेळी काट्याजवळ उभं राहून बघायला. तुम्हीही यावं अशी फार इच्छा आहे. मुक्कामाची सोय होईल, फक्त सकाळी साडेपाचला उठावं लागेल.

तुमचा,
शेजारच्या टेबलावरचा सहकारी