गरज कोणाला कोणाची?

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

ख्रिस्ती ऐक्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख मोबाइलवर ऐकला. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सबळांनी दुर्बलांना सांभाळून घेतले की ऐक्य साधते, असे लेखकाचे म्हणणे, आणि आधार बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या, १२व्या अध्यायाचा. तो अध्याय मी ब्रेलमध्ये अनेकदा वाचला आहे. त्यात पौलाने हे लिहिलेले नाही.

मंडळी हे एक शरीर आणि माणसे त्याचे अवयव, असे पौल तिथे म्हणतो. शरीर आणि अवयवांचा हा दाखला त्याच्या आधीपासून प्रचलित होता. मेनेनियस अग्रिप्पाने रोमच्या रुसलेल्या सामान्यजनांना पोट आणि अवयवांची गोष्ट सांगून परत आणले, असे लिव्ही हा रोमन इतिहासकार लिहितो. तिचे तात्पर्य असे, की पोट बसून खाते असे वाटले तरी तेच सर्वांना पोसते, तेव्हा निमूट कामाला लागा. वरच्यांच्या किती सोयीचे! पौल तोच दाखला घेतो आणि उलटा फिरवतो. डोळ्याने हाताला ‘तुझी मला गरज नाही’ म्हणायचे नाही, डोक्यानेही पायांना म्हणायचे नाही, आणि जे अवयव अशक्त दिसतात तेच आवश्यक आहेत. म्हणजे कानउघाडणी डोळ्याची आणि डोक्याची आहे. करिंथात तिची गरजही होती. तिथे गट पडले होते: कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोस या उपदेशकाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. आणि प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीसाठीच्या एकत्र भोजनाला, एक उपाशी तर दुसरा प्यायलेला.

हे सांगणारा पौल स्वतः दुसऱ्यांवर अवलंबून होता. या पत्राच्या अखेरीस तो सलाम तेवढा स्वहस्ते लिहितो. एरवी लेखणी दुसऱ्याच्या हाती असावी. रोमकरांस पत्र तर तर्तिय नावाच्या लेखनिकाने लिहून घेतले. त्याने त्यात आपलाही सलाम घातला आहे, हे मला फार आवडते. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी जमवली, तेव्हाही देणाऱ्यांना तो ऋणी म्हणतो: त्यांच्या आत्मिक ठेव्यात तुम्ही वाटेकरी झालात, आता ऐहिक गोष्टींत त्यांच्या उपयोगी पडा.

आमच्या मंडळीत मी ‘प्रार्थनेचा विषय’ आहे. मला हात धरून पहिल्या रांगेत बसवतात, माझ्यासाठी कळकळीने प्रार्थना करतात. ते प्रेम खरेच आहे, मी त्याची थट्टा करत नाही. पण माझ्याकडे प्रार्थना मागायला कोणी येत नाही. उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, वाचू का, असे मी विचारले तेव्हा ‘ताई, तुम्हाला कशाला त्रास?’ हे उत्तर मिळाले. त्रास मला कसला? वीज गेली तर त्या उपासनेत वाचू शकणारी बहुधा मी एकटीच असेन!

लेखकाने पंथापंथांतल्या ऐक्याचाही विषय काढला आहे. तिथेही हीच खोट दिसते. ज्याची मंडळी मोठी तो लहान मंडळीला सामावून घ्यायची भाषा बोलतो. तिच्याकडून काय घ्यायचे, हे क्वचितच विचारतो. ख्रिस्ती ऐक्यासाठी १९०८ पासून अनेक ठिकाणी १८ ते २५ जानेवारी हा प्रार्थना सप्ताह पाळला जातो. पुढच्या वेळी संयुक्त उपासना ठरवणाऱ्यांनी व्यासपीठाची यादी करताना ज्यांची नावे नेहमी मदतीच्या यादीत असतात, त्यांना आधी विचारावे. शास्त्रपाठाला मी तयार आहे. पुस्तक माझे मी घेऊन येईन.

आपली,
एक वाचक