उशाजवळचे रिव्हॉल्वर आणि घरातली मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक शहरात आणि भोवतालच्या मळ्यांत परवान्याचे शस्त्र बाळगणारी बरीच कुटुंबे आहेत. कोणाचा रोखीचा व्यवहार असतो, कोणी दिंडोरी-निफाडकडे वस्तीपासून लांब राहतो, कोणी सैन्यातून किंवा पोलिसांतून निवृत्त झालेला असतो. रात्री हत्यार हाताशी असावे म्हणून ते उशीखाली, गादीखाली किंवा पलंगालगतच्या खणात ठेवण्याची सवय मी ओळखीच्या अनेक घरांत पाहिली आहे. मी स्वतः परवानाधारक आहे आणि माझ्या घरी नातवंडे वावरतात. मुले असलेल्या घरात ही सवय तत्काळ थांबली पाहिजे आणि तिच्या जागी भिंतीला किंवा पलंगाला पक्की जखडलेली, कुलपाची पोलादी पेटी आली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. सुट्टीत भाचरे-पुतणे घरी येण्याच्या आधी तरी याचा विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

हत्यार उंचावर किंवा कपड्यांच्या घडीखाली लपवले की काम झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत काही मिनिटे सोडले होते आणि तिथल्या खणात खरे, पण न भरलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांनी ते हाती घेतले, त्यांतल्या बहुतेकांना शस्त्राला हात लावू नये हे आधी कधीतरी सांगितलेले होते. तेव्हा ‘आमच्या मुलांना आम्ही बजावून ठेवले आहे’ या उत्तरावर मी विसंबणार नाही. आपल्याकडे तर दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल मुलांच्या हाती आपणच देतो. खेळण्यातले आणि खरे यांतला फरक पाच वर्षांच्या मुलाने क्षणात ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. लहान मुलाच्या बोटात चाप ओढण्याइतका जोर नसतो, हाही भ्रम आहे. एका बोटाने जमले नाही तर मूल हत्यार उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते, आणि तेव्हा नळी त्याच्याच छातीकडे असते. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्वर जेमतेम ५०० ग्रॅमचे आहे, म्हणजे वजनाचाही अडसर उरलेला नाही.

घरातले लोखंडी कपाट वाईट नसते, पण त्याची किल्ली देवघरात आहे की डब्यात, हे घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, ठाऊक असते. शिवाय रात्री कपाट उघडायला वेळ लागतो आणि म्हणूनच हत्यार पुन्हा उशीखाली येते. त्यामुळे पलंगाजवळ लहान पण भक्कम पेटी हवी, आणि ती आतल्या बाजूने बोल्ट मारून बसवलेली हवी. नुसती खणात ठेवलेली हलकी पेटी चोर तशीच उचलून नेतो आणि मोठे मूल ती सावकाश दुसऱ्या खोलीत नेऊन उघडू शकते.

कुलपाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांचे आकर्षण फार आहे, पण त्या घेण्यापूर्वी अमेरिकेत काय घडले ते पाहावे. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा सुमारे ६१,००० पेट्या बाजारातून परत मागवल्या. नोंद न केलेल्या बोटानेही त्या उघडत होत्या आणि अशाच एका पेटीशी निगडित घटनेत १२ वर्षांचा मुलगा दगावला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे १,२०,००० पेट्या त्याच कारणाने परत मागवाव्या लागल्या. मालकाला वाटत राहते की पेटी आपल्याच बोटाला ओळखते, आणि ती कोणालाही उघडून देत असते. म्हणून अशी पेटी घेतलीच, तर ठसा नोंदवल्यावर घरातल्या इतर प्रत्येकाचे बोट लावून ती उघडत नाही ना, याची खात्री रिकाम्या पेटीवर करून घ्यावी. दुसरी अडचण उलटी आहे. मळ्यात काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात; रेशन दुकानात अंगठा जुळत नाही म्हणून परत फिरणारी माणसे आपण पाहतोच. ऐन वेळी पेटी उघडली नाही, असा एक-दोनदा अनुभव आला की मालक ती उघडीच ठेवू लागतो.

माझी पसंती बॅटरीविना चालणाऱ्या, ठरावीक क्रमाने बटणे दाबून उघडण्याच्या यांत्रिक कुलपाला आहे. अंधारात बोटांनी चाचपून ते उघडता येते. ते मिळाले नाही तर अंकांचे इलेक्ट्रॉनिक कुलूप चालेल, पण कारखान्यातून आलेला सांकेतिक क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा, आणि नवा क्रमांक जन्मतारीख, गाडीचा नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे असू नये, कारण दहावी-बारावीतली मुले हे सगळे आधी करून पाहतात. या वयाच्या मुलांचा विचार मी मुद्दाम करतो आहे. निकालाच्या दिवसांत खचलेल्या मुलाच्या आणि भरलेल्या हत्याराच्या मध्ये एक बंद कुलूप असणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. स्वस्त पेट्यांचे कुलूप जोराच्या धक्क्याने सुटते, म्हणून दुकानातच रिकामी पेटी बंद करून आपटून पाहावी. सोबत येणारी आणीबाणीची किल्ली त्या खोलीत तर नकोच, शक्यतो घराबाहेर विश्वासू माणसाकडे असावी.

काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात हत्यार कुलपात असणे, ते रिकामे असणे, काडतुसे कुलपात असणे आणि ती वेगळ्या जागी असणे या चारही गोष्टींचा संबंध मुलांच्या व किशोरांच्या इजा कमी होण्याशी आढळला, आणि तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. रात्रीपुरते हत्यार भरून पेटीत ठेवण्याचा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी सकाळी ते रिकामे करण्याचा नेम एकही दिवस चुकवू नये. पिस्तुलाचे मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढली तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीमागच्या खाचेत, एक काडतूस राहू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. पावसाळ्यात गंज चढतो म्हणून हत्यार पेटीबाहेर ठेवणाऱ्यांनी आत ओल शोषणारी पुडी ठेवावी.

शस्त्र अधिनियम १९५९ नुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे शस्त्र बाळगता येत नाही, आणि २०१६ च्या नियमांत सुरक्षित साठवणुकीचा समावेश आहे. तरीही पेटी खरोखर आहे का आणि ती बोल्टने जखडलेली आहे का, हे पाहायला कोणी घरी आल्याचे मला आठवत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. परवाना घेतला तेव्हा जे मूल जन्मलेही नव्हते, ते नूतनीकरणाच्या वेळी खुर्ची ओढून खणापर्यंत पोहोचू लागलेले असते. म्हणून शहरात पोलिस आयुक्तालयाने आणि ग्रामीण भागात जिल्हा प्रशासनाने नूतनीकरणाच्या अर्जासोबत बसवलेल्या पेटीचे छायाचित्र मागवावे आणि घरातील मुलांची वये नोंदवून घ्यावीत. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा केलेली शस्त्रे परत देताना प्रत्येक परवानाधारक समोर उभा असतोच. त्याच वेळी ठाणे अंमलदाराने पेटीविषयी विचारावे आणि ती नसल्यास बसवण्यासाठी मुदत घालून द्यावी.

आपला,
एक परवानाधारक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक