गैरहजर मुलांची कारणं लिहून ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या वस्तीतल्या वर्गातून तुम्ही निरोप घेतलात त्या दिवशी भाषणं पुष्कळ झाली, पण ‘मोलाचं योगदान’ आणि ‘अथक परिश्रम’ यांच्यापुढे एकाचीही गाडी सरकली नाही. तुम्ही मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंत. तुम्ही नेमकं काय केलंत, हे मात्र त्या दिवशी कुणी सांगितलंच नाही. ते चारचौघांत सांगावं, म्हणून हे उघडं पत्र. कुठल्या तरी वस्तीत वर्ग चालवणारं किंवा सुरू करू पाहणारं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनाही यातून काही उचलता येईल.

सुरुवात हजेरीवहीपासून करते. आलेल्या मुलांसमोर खूण सगळेच करतात. तुमच्या वहीत न आलेल्यांसाठी एक जास्तीचा रकाना आखलेला असे आणि त्यात कारण लिहावं लागे. नुसतं ‘आजारी’ तुम्हाला चालत नसे. काय होतंय, कधीपासून, घरी कोण बघतंय? ‘घरकाम’ लिहिलं तर कुठलं काम आणि कुठल्या वेळी? महिनाअखेरीस तुम्ही तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचात आणि पुढच्या महिन्याची आखणी त्यावरून व्हायची. पाणी यायची वेळ आणि वर्गाची वेळ एकच आहे हे त्यातूनच कळलं आणि वर्ग पुढे ढकलला गेला. धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं म्हणून मुली येत नाहीत हेही तिथेच दिसलं. मग खोलीच्या कोपऱ्यात एक सतरंजी पडली आणि भावंडंही येऊ लागली. तोवर आमच्या वस्तीतल्या मुलींच्या ‘शिक्षणाविषयीच्या अनास्थे’वर बाहेरून आलेल्या पाहुण्यांची एक-दोन व्याख्यानं होऊन गेली होती. ती अनास्था एका सतरंजीनं गेली.

माझी गोष्ट जरा वेगळी. मी रोज यायचे. तरी माझ्या नावापुढे तुम्ही लिहिलं होतंत: ‘येते, पण फळ्यावरचं उतरवून घेत नाही.’ म्हणजे तुमच्या हिशेबी मी गैरहजरच. शाळेत मला आळशी ठरवून सगळे मोकळे झाले होते. तुम्ही मला दारात उभं केलंत आणि समोरच्या भिंतीवरची पाटी वाचायला सांगितलीत. मी विचारलं, कुठली पाटी? त्यावर तुम्ही हसला नाहीत, हे मला अजून आठवतं. लांबचं सगळ्यांनाच असं धुरकट दिसतं, अशी माझी समजूत होती. ज्याला जन्मात कधी नीट दिसलंच नाही, ते मूल तक्रार तरी कशाची करणार?

पुढे समाजकार्याचा अभ्यास करताना चीनमधला एक प्रयोग वाचनात आला. गान्सू आणि शाआन्शी या भागांतल्या शाळांमध्ये लांबचं न दिसणाऱ्या मुलांना मोफत चष्मे दिले आणि वर्षभरात त्यांचे गणिताचे गुण वाढले. 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो छापून आला. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त ओळखीची वाटली. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, तेव्हा फुकट मिळालेला चष्मा डोळ्यांवर असलेली मुलं निम्म्याहूनही कमी निघाली. आमच्याकडेही तेच होणार होतं. शिबिर झालं, चष्मे वाटले, फोटो निघाले, आणि दुसऱ्याच दिवशी मी माझा चष्मा दप्तराच्या तळाशी ढकलला, कारण सगळे चिडवत होते. शिबिर भरवणाऱ्यांचं काम तिथे संपलं होतं. तुमचं संपलं नव्हतं. सगळ्यात दांडगट मुलाचेही डोळे तुम्ही तपासून आणलेत, त्यालाही नंबर निघाला आणि मग चिडवणार कोण? (त्याचा नंबर खरा होता की तुमची लबाडी, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.)

आता आईबद्दल. मोठ्यांच्या वर्गात ती पहिल्यांदा आली तेव्हा चिडून परत गेली होती. तिच्या हातात बालवाडीचं चित्रांचं पुस्तक दिलं होतं. चार मुलं वाढवलेल्या बाईला फुगा आणि बदक! पुढच्या वेळी तुम्ही पुस्तक बाजूला ठेवलंत आणि सगळ्या बायकांना विचारलंत, तुम्हाला काय वाचता यायला हवंय? कुणी म्हणालं, औषधाच्या बाटलीवरचं. कुणाला बसवरची पाटी हवी होती, कुणाला मुलाच्या शाळेतून येणारी चिठ्ठी. आई म्हणाली, “ज्या कागदावर माझा अंगठा घेतात, तो.” तुमचा धडा पहिला तोच झाला. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी 1963 साली आंजिकोस गावात सुमारे तीनशे मजुरांना याच रीतीनं शिकवलं होतं. त्यांच्याच बोलण्यातले, कामातले शब्द घेऊन जेमतेम 40 तासांत. पुढच्या वर्षी तिथे लष्करानं सत्ता घेतली, तो उपक्रम गुंडाळला गेला आणि फ्रेरींना आधी तुरुंगात आणि मग देशाबाहेर जावं लागलं. आमच्या वर्गावर लष्कर नाही आलं. नवरे आले.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत, ते मी आज माझ्या सहकाऱ्यांना सांगते. तुम्ही वाद घातला नाहीत. आतल्या बाकांवर जागा करून त्यांना बसवलंत आणि वर्ग तसाच पुढे चालू ठेवलात. त्यातले दोघे नंतर स्वतःच शिकायला येऊ लागले. बाकीच्यांचं काय झालं म्हणाल, तर काहींनी बायकांना पाठवणं बंद केलं. ते तुम्हाला लागलं होतं. यशाच्या गोष्टी सांगताना आपण या बायकांना मोजत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आईनं वाचायला शिकून फार काही केलं नाही. दुपारी ग्रंथ वाचत बसते वगैरे काही नाही. पण एकदा घरी कागद घेऊन आलेल्या माणसाला तिनं सांगितलं, ठेवून जा, वाचून उद्या देते. तो म्हणाला, यात वाचण्यासारखं काही नाही. त्यावर आई म्हणाली, “मग तर पटकन वाचून होईल.” तो माणूस परत आला नाही. तो कागद काय होता आणि त्यातून आम्ही कशातून वाचलो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

वर्ग सुटल्यावर तुम्ही बाहेरच्या बाकावर बसायचात, त्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय. अहवालात त्याची नोंद कधीच नव्हती. कुणाला बोलवायचा नाहीत, काही जाहीर करायचा नाहीत. हातात काहीतरी शिवण असायचं. कुणीतरी शेजारी येऊन टेकायचं आणि जरा वेळानं बोलायला लागायचं. आम्ही मुलं लांबून बघायचो आणि मोठ्या बायकांच्या गप्पा चालल्यात असं समजायचो. पुढे मीही तिथे बसले, तेव्हा कळलं की त्या गप्पांना एक शिस्त होती. तुम्ही आधी सगळं सांगू द्यायचात, मध्ये तोडायचा नाहीत. मग विचारायचात, “यातला कुठला एक प्रश्न आधी धरायचा?” त्या एका प्रश्नावर येत्या आठवड्यात करता येईल असं लहानसं काहीतरी समोरच्याकडूनच काढून घ्यायचात. आणि उठताना, “काय झालं ते सांगायला ये.” उपदेश नाही, ‘सगळं ठीक होईल’ नाही. मी ज्या प्रश्नासाठी बसले होते त्यावर तुम्ही स्वतःचं मत एकदाही दिलं नाहीत. तेव्हा त्याचा राग आला होता.

झिंबाब्वेतल्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. रुग्णालयात यायला बसभाड्याचे पैसे नव्हते म्हणून त्यांची एक तरुण रुग्ण उपचाराला पोहोचू शकली नाही आणि तिनं जीव दिला. उपचार माणसांच्या दारात न्यायचे हे त्यांनी ठरवलं, पण देशात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आणि दवाखान्यात खोली रिकामी नाही. म्हणून 2006 मध्ये म्बारे वस्तीत त्यांनी 14 आज्यांना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. त्या आज्यांची रीत वाचताना मी थबकलेच. ऐकायचं, एक प्रश्न निवडायचा, एक पाऊल ठरवायचं, पुन्हा भेटायचं. 2016 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 573 जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. बाकावर बसून गेलेल्यांची उदासी आणि चिंता सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बरीच कमी होती. तुम्ही हे कुठे शिकला होतात, की माणसं बघून बघून तुम्हालाच सुचलं, मला माहीत नाही. आणखी एक गोष्ट तुमच्याकडून घेण्यासारखी आहे. बाकाची मर्यादा तुम्ही ओळखून होतात. आमच्या गल्लीतल्या एकीच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, त्या रात्री तुम्ही समजूत घालत बसला नाहीत. तिच्याबरोबर रुग्णालयात गेलात आणि डॉक्टर भेटेपर्यंत तिथेच थांबलात.

ताई, या पत्रात तुमच्या त्यागाचं कौतुक मी करणार नाही. तुमचं मानधन महिनोन्‌महिने थकलेलं असायचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. निरोपाच्या दिवशी ‘पैशाची अपेक्षा न ठेवता’ असं मोठ्या अभिमानानं बोललं गेलं, तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. शिकागोतल्या गरीब वस्तीत 1889 साली हल हाउस हे सेवाकेंद्र सुरू करणाऱ्या जेन ॲडम्स यांचं उदाहरण आमच्या समाजकार्याच्या वर्गात नेहमी दिलं जायचं. तिथेही बालवाडी होती, मोठ्यांचे वर्ग होते, आणि गल्लीतला कचरा उचलला जात नाही म्हणून 1895 मध्ये त्यांनी स्वतः कचरा निरीक्षकाचं पद घेतलं. फार मोठी बाई. पण त्यांच्या पाठीशी वडिलांचा वारसा होता आणि निरीक्षकाच्या पदाला पगार होता. तुंबलेल्या गटाराच्या तक्रारी घेऊन कचेरीत खेटे घालणाऱ्या तुम्हाला यातलं काहीच नव्हतं. वस्तीतलं काम हे काम आहे, त्याचा पगार वेळेवर मिळाला पाहिजे. तुमचे आभार मानताना हे न बोलणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

खोली अजून चालू आहे. किल्ली आता सतरंजीवर बसणाऱ्या भावंडांतल्याच एकीकडे असते. ती तुमच्यापेक्षा कडक आहे आणि मुलं तिला तुमच्यापेक्षा जास्त घाबरतात. तिच्या गणिताच्या तासाला मात्र जागा पुरत नाही. आईचा वर्ग बंद पडला होता, तो बायकांनीच पुन्हा सुरू केला. वाचनापेक्षा भांडणं जास्त होतात, असं आई सांगते आणि तरी जाते.

मी काम करते त्या वस्तीत सध्या एका गोष्टीवर मला मार्ग सुचत नाहीये. दोन गल्ल्यांत मोठं भांडण झालंय, पोलिसांपर्यंत गेलंय आणि आता एका गल्लीतली मुलं वर्गात असली की दुसरीकडची येत नाहीत. दोन वेगळ्या वेळा ठेवाव्यात, असं संस्थेचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचवताही येत नाही. तुम्ही असतात, तर आधी कुणाच्या घरी गेला असतात? तुमची तब्येत बरी असेल तर एकदा फोन करा. संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.

तुमची,
फळ्यावरचं न उतरवणारी